क्रिकेट-सामन्यांचे प्रवेशमूल्य : एक ऐतिहासिक विचार

क्रिकेटचा सामना प्रत्यक्ष मैदानावर पाहणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले आहे, अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. या तक्रारीचे खापर बहुधा तिकिटाच्या वाढलेल्या किंमतीवर फोडले जाते. परंतु महाराष्ट्रातील क्रिकेटचा इतिहास तपासला असता किंमतीचा प्रश्न हा मुळात आसनांच्या वाटपाचा प्रश्न आहे, असे दिसून येते. हे मत साधार मांडावे आणि विदर्भातील एका गावाच्या दृष्टीने त्याचा अर्थ लावावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच्या काळात मुंबईचे क्रिकेट उघड्या मैदानावरचे होते. १९०७ मध्ये तिरंगी आणि १९१२ मध्ये चौरंगी सामने सुरू झाले, तेव्हा जिमखान्यांच्या सभासदांसाठी तंबू असत; पण ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला मैदानाच्या कडेचे झाड किंवा शेजारची गच्ची मोकळी होती. नागपुरात जन्मलेले सी. के. नायडू यांनी १९२६ मध्ये एम. सी. सी. संघाविरुद्ध हिंदू संघाकडून १५३ धावा काढताना अकरा षट्कार मारले, ते याच बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर. डिसेंबर १९३३ मध्ये भारतातील पहिला कसोटी सामनाही येथेच नायडूंच्या नेतृत्वाखाली झाला. मैदानाला भिंत नव्हती, म्हणून प्रेक्षकाला पूर्णपणे वगळता येत नव्हते.

ही स्थिती ७ डिसेंबर १९३७ रोजी ब्रेबर्न स्टेडियमचे उद्घाटन झाल्यावर पालटली. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या खासगी क्लबाच्या मालकीचे हे क्रीडागार सरकारकडून मिळालेल्या, समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर उभे राहिले. आता आसने मोजकी झाली, आणि मोजक्या वस्तूचा वाटा कोणाला किती, हा वाद अटळ ठरला. त्याच वर्षी सामने पंचरंगी झाले. पण हिंदू जिमखान्याला मागणीपेक्षा कमी आसने मिळाल्यामुळे हिंदूंच्या संघाने त्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. हा तंटा किंमतीचा नव्हता, वाटणीचा होता, हे येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

तोच तंटा पुढे क्लब आणि बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात चालू राहिला. संलग्न क्लबांसाठी अधिक तिकिटे हवीत, ही असोसिएशनची मागणी होती. अखेर विदर्भातील राजकीय नेते शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने ब्रेबर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे क्रीडागार बांधण्यात आले, आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तेथे पहिला कसोटी सामना झाला. एका शहरात जवळजवळ एकाच जागी दोन क्रीडागारे उभी राहिली, ती मुख्यतः तिकिटांच्या वाटणीपायी. वाटणीचा अधिकार एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेकडे गेला. कोणत्याही संस्थेचा सभासद नसलेल्या प्रेक्षकाचा हिस्सा मात्र निश्चित झाला नाही. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडे स्टेडियमवर झाला, तेव्हा सुमारे ३३,००० आसनांपैकी केवळ ४,००० च्या आसपास तिकिटे सर्वसाधारण जनतेच्या विक्रीसाठी ठेवण्यात आली होती. इतका अल्प साठा बाजारात आला म्हणजे छापील किंमत काहीही असो, खरी किंमत काळ्या बाजारातच ठरणार.

यावर कराचा भार पडतो तो वेगळाच. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने करमणूक-कर सुरू झाला. २०१७ पासून त्याची जागा वस्तू व सेवा कराने घेतली. इंडियन प्रीमियर लीगच्या तिकिटांवरील हा कर २८ टक्क्यांवरून २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे १,००० रुपयांचे तिकीट १,२८० ऐवजी १,४०० रुपयांना पडते. मान्यताप्राप्त संघटनांच्या सामन्यांना मात्र ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटास करमाफी असून त्यापुढे १८ टक्के दर आहे.

आता हा विचार दुसरबीडच्या अंगाने करून पाहू. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेड राजा तालुक्यातले हे गाव जालना-मेहकर मार्गावर वसले आहे. येथे रेल्वे नाही. क्रिकेटच्या व्यवस्थेत जिल्हा विदर्भ संघटनेकडे येतो. म्हणून या गावाचे 'आपले' मैदान नागपूरचे, आणि ते तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर. ऑक्टोबर १९६९ मध्ये नागपुरात पहिला कसोटी सामना झाला तो शहराच्या मध्यवर्ती सिव्हिल लाइन्स भागात. नोव्हेंबर २००८ पासून कसोटी सामने शहराबाहेर वर्धा मार्गावरील जामठा येथे गेले. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाल्याने प्रवासाचे तास घटले, पण वाहनभाडे व पथकर घटले नाहीत. सामना रात्री दहाच्या सुमारास संपतो. मुक्काम करावा लागतो किंवा रात्रभर प्रवास. दोन दिवसांची मजुरी बुडते. येथील शेतमजुराच्या हिशेबात तिकीट हा खर्चाचा एक भाग आहे, सगळा खर्च नव्हे.

याच्या उलट बाजूही पाहिली पाहिजे. रणजी करंडकाच्या सामन्यांना बहुधा प्रवेशमूल्य नसते. विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्ये हा करंडक जिंकला, तरी देशभर अशा सामन्यांची आसने बव्हंशी रिकामीच राहतात. केवळ किंमत शून्य केल्याने प्रेक्षक येत नाही. तसेच, खेळाडू घडविणाऱ्या संलग्न क्लबांना तिकिटांत वाटा मिळू नये, असेही म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो त्या वाट्याला मर्यादा नसण्यावर.

ब्रेबर्न सरकारी जमिनीवर उभे राहिले; वानखेडेची जमीनही शासनाच्या भाडेपट्ट्याची आहे. जमीन सार्वजनिक असेल तर तिच्यावरील आसनांत जनतेचा हिस्सा किती, हे सामन्यापूर्वी जाहीर होणे न्याय्य ठरते. १९३७ मध्ये हिंदू जिमखाना आपल्या वाट्यासाठी भांडू शकला, कारण ती संघटित संस्था होती. दुसरबीडच्या प्रेक्षकाच्या बाजूने भांडणारी संस्था तेव्हा नव्हती आणि आजही नाही. तिकिटाच्या महागाईचे मूळ या अभावात शोधावे लागते.