वन्समोअरचं कूळ

एकाच गायिकेचा एकच राग वेगवेगळ्या तारखांचा, वेगवेगळ्या गावांतला, आठ-दहा वेळा जमवून ठेवणारी माणसं जगात सगळीकडे आहेत. तबकड्या जमवणाऱ्यांपेक्षा ही जात वेगळी. तबकडीवाल्याला वस्तू हवी असते: लेबल, क्रमांक, पहिली आवृत्ती. मैफलीचं थेट ध्वनिमुद्रण जमवणाऱ्याला ती संध्याकाळच हवी असते. या छंदाचं कूळ सांगताना बहुतेक जण यंत्रापासून सुरुवात करतात. फोनोग्राफ आला, स्पूल आली, कॅसेट आली आणि त्यांच्यामागून छंद आला, असं ते मांडतात. मला हा क्रम उलटा झालेला वाटतो. आधी होता तो श्रोता, ज्याचं एकदा ऐकून भागत नव्हतं. यंत्र त्याच्या हाती नंतर पडलं. आपल्याकडे हा श्रोता संगीत नाटकाच्या पिटात सापडतो, आणि त्याच्याकडे नेणारी एक वाट जळगावातून निघते.

मेहरूणचं नाव महाराष्ट्राला बोरांमुळे ठाऊक आहे. तळ्याकाठचं हे गाव आता जळगाव शहरातच मिसळून गेलं आहे. याच जळगावात नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, या मुलाला मेहबूब खाँ यांच्याकडे गाण्याची सुरुवातीची तालीम मिळाली. १९०५ साली हा मुलगा किर्लोस्कर नाटक मंडळीत शकुंतला म्हणून उभा राहिला, आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मराठी रंगभूमीवरच्या नायिकेचा आवाज म्हणजे बालगंधर्वांचा आवाज असं समीकरण झालं. ‘मानापमान’ १९११ चं, ‘स्वयंवर’ १९१६ चं, ‘एकच प्याला’ १९१९ चं. ही नाटकं पहाटेपर्यंत चालत, त्याचं मोठं कारण वन्समोअर. इंग्रज प्रेक्षक अशा वेळी ‘आँकोर’ म्हणतो, इटालियन ‘बिस’ म्हणतो. ‘वन्समोअर’ हे इंग्रजी शब्दांचं आपल्या पिटानं घडवलेलं नाणं आहे. त्याचा अर्थही ‘तेच पुन्हा’ इतका सरळ नव्हता. भास्करबुवा बखल्यांच्या तालमीतला हा गायक तेच पद पुन्हा घेताना ती जागा तशीच घेणार नाही, हे मागणाऱ्याला ठाऊक असे. त्याला तेच पद वेगळं ऐकायचं असे. थेट ध्वनिमुद्रणं जमवणाऱ्याची भूक नेमकी हीच आहे. एका पदाची दहा ध्वनिमुद्रणं म्हणजे दहा वन्समोअर.

यावर कुणी म्हणेल, भूक होती हे खरं, पण ती भागवायला यंत्रच लागलं. मग यंत्रालाच मूळ का म्हणू नये? याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये मिळतं. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. विसावं शतक उजाडेपर्यंत ती यंत्रं घरोघर विकली जात होती. तरी मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या चालू प्रयोगात यंत्र नेऊन बसवायचं सुचलं ते तिथल्या ग्रंथपालाला, लायनेल मेपलसनला. १९०१ ते १९०३ या काळात त्यानं आधी प्रॉम्प्टरच्या खोपटातून आणि नंतर रंगमंचाच्या वरून मेणाच्या नळकांड्यांवर प्रयोगांचे तुकडे टिपले. एका नळकांड्यात जेमतेम दोन मिनिटं मावत. गायिका नेली मेल्बाचा आवाज त्यांत आहे, खरखरीच्या पडद्यामागून येणारा, पण भरल्या थिएटरातला. ही नळकांडी आज न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत जपलेली आहेत. यंत्र हजारोंकडे होतं, पण रोज रात्री तोच ऑपेरा वेगळा होतो हे ऐकणारा कान असलेल्या माणसानंच ते तिथवर नेलं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑपेरात स्वर आधीच लिहिलेले असतात, तिथे आपल्यासारखी उपज नसते. मग ऑपेरा-गायिका मारिया कॅलासच्या एकाच भूमिकेच्या इतक्या रात्री लोक का जमवतात? तिची ‘ला त्राविआता’ २८ मे १९५५ ची मिलानची, २७ मार्च १९५८ ची लिस्बनची आणि त्याच वर्षी २० जूनची लंडनची अशी तिन्ही शौकिनांकडे असते, आणि कोणती श्रेष्ठ यावर वाद होतात. माझ्या मते या उदाहरणानं मुद्दा पक्काच होतो. शब्द आणि स्वर ठरलेले असूनही श्वास कुठे घेतला, सूर किती धरला, कोणता शब्द जवळजवळ बोलून टाकला, हे रोज बदलतं. गंमत अशी की मिलानच्या ला स्काला थिएटरात १९३३ नंतर एकट्या गायकानं पद पुन्हा म्हणण्याला जागा उरली नव्हती. २००७ साली गायक हुआन दिएगो फ्लोरेसनं ती रीत मोडली. म्हणजे कॅलासच्या ऐन बहराच्या काळात तिच्या घरच्या थिएटरात ‘बिस’ बंद होतं. जे मोठ्यानं मागता येत नव्हतं ते शौकिनांनी टेपवर मिळवलं.

आपल्याकडे टेप आली तेव्हा बालगंधर्वांचे ऐन उमेदीचे दिवस सरले होते. त्यांच्या तबकड्या आहेत, पण तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं, आणि तीत वन्समोअर मावत नाही. हीच उणीव केसरबाई केरकरांच्या बाबतीत थोडी भरून निघाली. १८९२ साली गोव्यात केरी इथे जन्मलेल्या या गायिकेनं अल्लादिया खाँसाहेबांची तालीम वर्षानुवर्षं घेतली आणि तबकड्या मोजक्याच दिल्या. त्यांची भैरवीतली एक छोटी तबकडी १९७७ साली व्हॉयेजर यानांवर चढून सूर्यमालेबाहेर निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. पण सव्वातीन मिनिटांच्या चौकटीत जयपूर घराण्याची आवर्तनामागून आवर्तन चढत जाणारी इमारत उभी राहत नाही. ती ऐकायची तर खासगी स्पुलांकडेच वळावं लागतं. बाराशे फुटांची सात इंची स्पूल सेकंदाला पावणेचार इंच या गतीनं चौसष्ट मिनिटं चालते. एक राग सबंध मावायला आपल्याला इतका लांब फितीचा वेढा लागला. आणि या फितीचा एक गुणधर्म मोठा विलक्षण आहे: स्पूल वर्षानुवर्षं न फिरवता ठेवली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसट उमटतो. म्हणून काही ध्वनिमुद्रणांत गायिकेनं षड्ज लावण्याआधीच तो षड्ज दुरून आल्यासारखा ऐकू येतो. जाणता संग्राहक फीत शेवट बाहेर ठेवून गुंडाळतो. मग ती सावली सुराच्या पुढे न पडता मागे पडते. जळगावच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात अशा फिती जपणं म्हणजे व्रतच.

सर्वांत गंभीर आक्षेप नीतीचा आहे. गाणारी व्यक्ती समोरच्या श्रोत्यांसाठी गाते. परवानगीशिवाय टिपून घेणं ही चोरी नाही का? त्या रात्री आवाज लागला नसेल तर ती रात्र विसरली जावी, हा तिचा हक्क नाही का? आहे, आणि तो कायद्यातही आला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क स्पष्ट झाला. १९९९ साली त्याची मुदत पन्नास वर्षं झाली. मात्र तोच कायदा स्वतःपुरतं, शिकवण्यापुरतं किंवा संशोधनापुरतं केलेलं ध्वनिमुद्रण वेगळं मानतो. मला ही रेघ योग्य वाटते. वन्समोअर हे देणं गायकाचं आहे, ते मागून घ्यायचं. उघड परवानगी, विक्रीला नकार आणि कलावंतानं ‘हे नको’ म्हटलं तर ते न वाटणं, या तीन गोष्टी पाळणारा संग्राहक त्या कलेचा राखणदार ठरतो. न पाळणारा नुसता साठेबाज.

राखणदारीचा अर्थ मेहरूणचं बोर नीट शिकवतं. बी पेरून उगवलेलं बोर मूळ झाडासारखं निघेलच असं नाही, म्हणून चांगल्या झाडाचा डोळा दुसऱ्या रोपावर भरतात. कूळ टिकतं ते असं. ध्वनिमुद्रणाचं उलट आहे. फितीवरून फीत काढताना दर पिढीत खरखर वाढते आणि गती थोडी सरकली की काळी पाचचा सूर हळूहळू भलतीकडे जातो. आजची डिजिटल प्रत तशी झिजत नाही, पण तिच्यावरचं नाव आणि तारीख गळून पडते, आणि ओळख हरवलेली मैफल ही कुणाचीच मैफल नसते. जळगावात बालगंधर्वांच्या नावानं संगीत महोत्सव भरतो आणि आज समोर बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मेपलसनच्या यंत्राहून शतपटीनं सरस यंत्र असतं. ज्या आवाजाचं पहिलं शिक्षण या गावात झालं, त्याच्या बहरातल्या एकाही रात्रीचं सबंध ध्वनिमुद्रण आपल्यापाशी नाही. म्हणून या गावानं निदान पुढच्या आवाजांबाबत तरी आधी परवानगी विचारावी आणि मग टिपावं. आणि टिपलेल्याच्या आरंभी कुणीतरी स्पष्ट उच्चारून ठेवावं: तारीख, गाव, राग, गाणाऱ्याचं नाव, तबल्यावर कोण, पेटीवर कोण.