घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प

घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प हा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर असलेला 250 मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प आहे. 125 मेगावॅटच्या दोन संचांपासून येथे 2008 पासून वीज मिळू लागली. वरचा जलाशय घाटघर गावाजवळ प्रवरा नदीवर आहे. खालचा जलाशय कोकणात, ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील चोंढे गावाच्या परिसरात शाही नाल्यावर आहे. या दोहोंच्या पातळ्यांत सुमारे 400 मीटरांचा फरक असून डोंगराच्या पोटातील विद्युतगृह दोन्ही जलाशयांना बोगद्यांनी जोडलेले आहे. विजेची मागणी वाढली की पाणी वरून खाली सोडून वीज निर्माण केली जाते. मागणी उतरली की जाळ्यातील शिल्लक वीज वापरून तेच पाणी पुन्हा वर चढवले जाते. पाणी असे उचलून साठवण्याच्या क्रियेला उदंचन म्हणतात. प्रकल्पाची उभारणी राज्याच्या जलसंपदा विभागाने केली असून तो महानिर्मिती कंपनीकडून चालवला जातो.

स्थान. रतनगड, कुलंग, मदन, अलंग या किल्ल्यांच्या परिसरात सह्याद्रीचा कडा एका दमात कोकणात उतरतो. घाटघर याच कड्याच्या काठावर वसले आहे. जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस घाटघर आणि रतनवाडी येथे पडतो आणि पूर्वेचे तालुके दुष्काळाने होरपळत असतानाही घाटघरच्या पर्जन्यमापकावर काही हजार मिलिमीटरांची नोंद होते. परिसरात मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. लगतचे जंगल कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडते. दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा एकसंध थर आणि थोड्याच अंतरात मिळणारी मोठी उंची अशा दोन्ही गोष्टी येथे एकत्र आल्याने ही जागा उदंचनासाठी उत्तम ठरली. जलाशय एकमेकांपासून जितके दूर, तितका बोगदा लांब, आणि पाण्याच्या घर्षणात वाया जाणारी ऊर्जाही तितकीच अधिक असते.

पाण्याचा हिशेब. घाटमाथ्यावरचे पूर्ववाहिनी पाणी पश्चिमेच्या उतारावर सोडून वीज मिळवण्याची पद्धत महाराष्ट्रात शतकभर जुनी आहे. मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे केंद्र आणि कोयना ही तिची ठळक उदाहरणे आहेत. या पद्धतीत वीज निर्माण करून बाहेर पडणारे अवजल कोकणातून समुद्राला मिळते आणि मूळ खोऱ्याला कायमचे अंतरते. प्रवरेच्या बाबतीत असे करणे परवडणारे नाही. 1926 मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण, त्याखालचे निळवंडे, प्रवरेचे कालवे, लाभक्षेत्रातील ऊस आणि साखर कारखाने, आणि गोदावरीवर पुढे असलेले जायकवाडी, असे सारे याच पाण्यावर हक्क सांगतात. नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यातील पाणीवाटपाचा वाद न्यायालयापर्यंत गेलेला आहे. अशा खोऱ्याच्या उगमापाशी वीजप्रकल्प उभारायचा, तर तो पाणी परत करणारा असणे आवश्यक होते, आणि घाटघरची खरी थोरवी याच बाबीत आहे.

लागणारे पाणीही मोजकेच आहे. सुमारे 400 मीटर उंचीवरून एक घनमीटर पाणी खाली आले की यंत्रातील घट वजा जाता साधारण एक युनिट वीज मिळते. दोन्ही संच पूर्ण क्षमतेने सहा तास चालले तर 15 लाख युनिट निर्माण होतात, म्हणजे सुमारे 15 लाख घनमीटर पाणी खाली येते. भंडारदऱ्याच्या सुमारे 11 टीएमसी साठ्याच्या तुलनेत हे पाणी दोनशेव्या हिश्श्याएवढे भरते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी पुन्हा वापरता येते. बाष्पीभवन आणि गळती यांमुळे होणारी तूट पावसाळ्यात भरून निघते.

उलटसुलट चालणारे यंत्र. साध्या जलविद्युत केंद्रात टर्बाइन आणि जनित्र असते, तर पाणी उचलण्याच्या केंद्रात पंप आणि मोटर असते. उदंचन प्रकल्पात ही दोन्ही कामे एकच जोडी करते. 400 मीटरांच्या उंचीसाठी फ्रान्सिस जातीचे उलटसुलट फिरणारे पंप-टर्बाइन वापरतात. दाबाखालचे पाणी शंखाच्या आकाराच्या आवरणातून मार्गदर्शक पात्यांमधून चक्रावर येते आणि मध्यातून खाली निसटते. पाण्याच्या जोराने चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे जनित्र फिरते आणि वीज जाळ्यात जाते. पाणी उचलताना हाच प्रवास उलटा होतो. जनित्राला बाहेरून वीज दिली की ते मोटर बनते. तीन फेजांपैकी दोन बदलल्या की फिरण्याची दिशा उलटते, आणि चक्र मध्यातून पाणी घेऊन कडेने वर ढकलते.

हे चक्र घडवणे अभियंत्याची परीक्षा पाहणारे काम आहे. टर्बाइनसाठी पात्यांचा जो आकार उत्तम असतो, तो पंपासाठी उत्तम नसतो. पंप म्हणून पाणी पूर्ण उंचीवर चढले नाही तर सारा प्रकल्प निरुपयोगी ठरेल, म्हणून आकार ठरवताना पंपाच्या गरजेला प्राधान्य दिले जाते आणि टर्बाइनने थोडे सोसायचे असते. दुसरी अडचण सुरू करण्याची. सव्वाशे मेगावॅटची मोटर थांबलेल्या अवस्थेतून थेट जाळ्याला जोडली तर जाळ्याला मोठा धक्का बसेल. म्हणून अशा केंद्रांत दाबाखालची हवा सोडून चक्राभोवतीचे पाणी आधी खाली सारतात, हवेत हलके झालेले चक्र हळूहळू पूर्ण वेगाला आणतात, 50 हर्ट्झच्या जाळ्याशी त्याचा मेळ जुळवतात आणि मगच पाणी आत घेतात.

विद्युतगृह जमिनीखाली असण्याचे कारणही पंपातच आहे. चक्राच्या शोषण बाजूला पाण्याचा दाब कमी पडला तर पाण्यात बुडबुडे तयार होतात आणि ते फुटताना पोलादाचे कण उडवून पाती कुरतडतात. हे टाळण्यासाठी यंत्र खालच्या जलाशयाच्या पातळीच्याही बरेच खाली बसवावे लागते. त्यामुळे विद्युतगृह, तेथवरचा प्रवेशमार्ग, वरून येणारी दाबवाहिनी आणि खालच्या जलाशयाकडे जाणारा अवजल बोगदा हे सारे खडक कोरून करावे लागले.

धरणे. उभारणीत घाटघरने देशाला दिलेली देणगी धरणांच्या बांधकामाची आहे. येथील ऊर्ध्व धरण, खिंडीतील जोडधरण आणि निम्न धरण ही भारतातील रोलरने दाबलेल्या काँक्रीटची पहिली धरणे होत. ऊर्ध्व धरण सुमारे 15 मीटर उंच आहे, तर निम्न धरण सुमारे 86 मीटर. या पद्धतीत काँक्रीट अगदी कोरडसर ठेवतात, डंपरने आणून पातळ थरांत पसरतात आणि रस्त्याच्या कामातील कंपन-रोलरने दाबतात. सिमेंटचा मोठा भाग औष्णिक केंद्रांतील राखेने बदलला जातो. त्यामुळे काँक्रीट घट्ट होताना उष्णता कमी निर्माण होते, तडे जाण्याचा धोका घटतो आणि काम वेगाने पुढे सरकते. सह्याद्रीत पावसाळ्याचे चार महिने बांधकाम जवळजवळ बंद असते, हे लक्षात घेतले म्हणजे या वेगाचे मोल कळते. मुंबई महानगरपालिकेचे 100 मीटरांहून उंच मध्य वैतरणा धरण पुढे याच पद्धतीने बांधले गेले.

इतिहास. जपानच्या सागरपार आर्थिक सहकार्य निधीशी कर्जाचा करार 1988 मध्ये झाला. वन आणि पर्यावरणविषयक मंजुऱ्या, दुर्गम घाटातील रस्ते आणि बोगद्यांचे काम यांत पुढची वीस वर्षे गेली. तोपर्यंत राज्यात उलटसुलट यंत्रे अन्यत्र चालू झाली होती: पैठण आणि उजनी या सिंचन धरणांच्या पायथ्याशी 12 मेगावॅटचे संच, तर भिरा येथे टाटांचा 150 मेगावॅटचा संच. मात्र त्या ठिकाणी मूळ धरण दुसऱ्या हेतूने बांधलेले होते. दोन्ही जलाशय केवळ उदंचनासाठी बांधून उभारलेला राज्यातील पहिला मोठा प्रकल्प घाटघरचाच.

उपयोग. मिळणाऱ्या प्रत्येक युनिटामागे पाणी वर चढवताना सव्वा युनिटाहून थोडी अधिक वीज खर्च होते. म्हणजे उदंचन केंद्र एकूण हिशेबात विजेचा ग्राहकच असते. त्याचा लाभ वेळेच्या फरकात आहे. कोळशावरचे संच रात्री मागणी घसरली तरी फारसे कमी करता येत नाहीत आणि बंद केल्यास पुन्हा चालू व्हायला तास लागतात. उदंचनाचा संच काही मिनिटांत पूर्ण भार उचलतो, आणि अचानक एखादे मोठे केंद्र बंद पडल्यास जाळ्याची वारंवारता सावरतो. मात्र पंपासाठी शिल्लक वीज हवी. घाटघर सुरू झाले तेव्हा राज्य तीव्र भारनियमनातून जात होते आणि शिल्लक विजेचीच वानवा होती.

आता चित्र पालटले आहे. दुपारी सौर ऊर्जेचा पुरवठा भरपूर असतो आणि सूर्य मावळताच मागणी चढते. पूर्वी मध्यरात्री करायचे उदंचन त्यामुळे दुपारीही किफायतशीर ठरू शकते. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील सुपे परिसराच्या आणि नगरजवळच्या खांडके परिसराच्या डोंगरांवर पवनचक्क्या आहेत, आणि त्यांची वीज वाऱ्याच्या मर्जीने येते. अशी वीज राखून ठेवण्याचे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झालेले साधन म्हणजे दोन जलाशय आणि त्यांच्यामधील उंची. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये उदंचन प्रकल्पांसाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले असून घाटमाथ्यावर अनेक नव्या जागा त्यासाठी विचारात घेतल्या जात आहेत.