बडा सिमल्याचे हाड आणि बाघचा दगड

सरकारी सेवेत असताना आवक क्रमांक, दिनांक, स्थळ या रकान्यांचा आम्हांला फार कंटाळा असे. त्यांचे मोल निवृत्तीनंतर डायनासोरांच्या नादी लागल्यावर कळले.

१८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना (ठगांच्या बंदोबस्तामुळे सर्वांना ठाऊक असलेले तेच) जबलपूरच्या बडा सिमला टेकडीत दगड झालेली हाडे मिळाली. ‘डायनासोर’ हा शब्दच मुळी त्यानंतर चौदा वर्षांनी, १८४२ मध्ये, रिचर्ड ओवेन यांनी घडविला. तेव्हा आपल्या हाती काय लागले आहे, हे स्लीमनसाहेबांना उमगावे कसे? हाडे यथावकाश कलकत्त्यास पोहोचली. १८७७ मध्ये लायडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्यास ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. पुढे हे मणके गहाळ झाले. २०१२ मध्ये धनंजय मोहबे व त्यांच्या सहकाऱ्यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात त्यांपैकी एक गवसला. जुन्या वर्णनांशी ताडून पाहता ओळख पटली. कुणीतरी नीट नोंद केली होती, म्हणूनच ना!

ही हकीकत वाचून आम्ही मुद्दाम जबलपूर गाठले. टेकडीच्या उतारावर नर्मदेकाठच्या लमेटा घाटावरून नाव पडलेले थर दिसतात आणि माथ्यावर आपल्या दख्खनचा काळा पाषाण. सह्याद्री ज्या लाव्ह्याचा, त्याच लाव्ह्याचे हे टोक. त्याखाली दबलेले जग पाहताना आम्ही बराच वेळ तेथून हललो नाही.

मात्र या प्रवासात एक जुनी गोष्ट मनात सलत राहिली. पवारांच्या धार संस्थानामुळे आपल्या परिचयाच्या धार जिल्ह्यात नोकरीनिमित्त फिरताना, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, बाघच्या बाजूला आम्ही एक वाटोळा, जड दगड उचलून आणला होता. दिवाणखान्यात तो शोभेला होता. नातवंडे त्याला तोफेचा गोळा म्हणत. त्याच बाघ-कुक्षी भागात संशोधकांनी टायटॅनोसॉरांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदविल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. अंड्यांचा व्यास साधारण १५ ते १७ सेंटिमीटर. आम्ही सुतळीने दगड मोजला, सोळा भरला. त्याच वर्षाच्या अखेरीस पाडल्या गावचे शेतकरी असेच गोळे ‘काकड भैरव’ म्हणून पूजतात, अशी बातमी आली. त्यांनी निदान ते शेतातच ठेवले होते.

दगड घेऊन आम्ही एका महाविद्यालयातील भूशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी तो भिंगाखाली पाहिला, कवचासारखा वाटणारा भाग नखाने चाचपला आणि विचारले, “काका, कोणत्या गावाचा? कोणत्या ओढ्याकाठचा? शेजारी आणखी किती होते?”

आम्हांला तहसील तेवढी आठवली.