फळ, साखर आणि चोथा

पिकलेले केळे हाताने कुस्करायचे, त्यात दूध ओतायचे, चमचाभर साखर घालून ढवळायचे. याला आपण शिकरण म्हणतो. हेच केळे आणि हेच दूध मिक्सरमधून फिरवून उंच पेल्यात ओतले की त्याची स्मूदी होते. मग या दोहोंत फरक फक्त नावाचा आणि पेल्याचाच आहे का? आणि स्मूदी 'आरोग्यदायी' असते असे जे म्हणतात, ते कितपत खरे?

या प्रश्नाचे उत्तर आहारशास्त्रात तर आहेच, पण इतिहासातही आहे. फळ पेल्यात येण्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात. फळ हाताशी हवे, ते नासण्यापूर्वी वापरता यायला हवे आणि ते चिरडण्यासाठी ताकद हवी. या तिन्ही गोष्टी माणसाने कशा मिळवल्या हे पाहायला सातारा आणि सांगली हे जिल्हे सोयीचे आहेत. आज ते वेगळे असले तरी पूर्वी सांगलीचा बराच भाग साताऱ्यातच होता. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. वरच्या अंगाला महाबळेश्वर-पाचगणीचे पठार, खालच्या अंगाला तासगावचा कोरडा मुलूख आणि दोहोंना जोडणारी कृष्णा नदी, असा हा प्रदेश आहे.

दोन खंडांचे फळ

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आज इतकी ओळखीची झाली आहे की ती मूळची तिथलीच वाटावी. प्रत्यक्षात आपण खातो ती मोठी, लाल स्ट्रॉबेरी पृथ्वीवर कोठेच आपोआप उगवलेली नव्हती. तिची जन्मकथा मुलांना जरूर सांगावी अशी आहे.

आमेदे-फ्रान्स्वा फ्रेझिए या फ्रेंच लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील स्पॅनिश ठाण्यांची पाहणी करण्यासाठी पाठवले होते. १७१४ साली परतताना त्याने चिलीमधून मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची काही रोपे आणली. रोपे वाढली, फुलली, पण फळे धरेनात. त्या रोपांवर फक्त मादी फुले येत होती. पुढे त्यांच्याशेजारी उत्तर अमेरिकेतून आलेल्या दुसऱ्या जातीची स्ट्रॉबेरी लावली गेली. तिचे पराग मिळाले आणि फळे धरू लागली. या दोन जातींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी जन्माला आली. हा संकर आहे हे आंत्वान निकोला द्यूशेन या तरुण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली आपल्या पुस्तकात मांडले. म्हणजे दोन अमेरिकांतील झाडांची गाठ पडली ती युरोपातल्या बागेत!

महाबळेश्वरला मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी आरोग्यधाम वसवले. त्यांच्याबरोबर त्यांच्या आवडीच्या भाज्या आणि फळेही डोंगरावर आली. सुमारे १,३७० मीटर उंची, थंड हिवाळा आणि पाण्याचा लवकर निचरा होणारी तांबडी माती स्ट्रॉबेरीला मानवली. साहेब गेले, स्ट्रॉबेरी राहिली. भिलारसारख्या गावांचे ते मुख्य पीक झाले. २०१० साली महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक निर्देशांकही मिळाला.

नासण्याचे गणित

स्ट्रॉबेरीत सुमारे ९१ टक्के पाणी असते. साल जवळजवळ नसतेच. तोडल्यानंतर ती पिकत नाही, फक्त मऊ पडते आणि मग बुरशी धरते. घाटाखालच्या बाजारात फळ पोचेपर्यंत काही भाग दबलेलाच असतो. जे फळ देखणे नाही ते कोण घेणार? शेतकऱ्याच्या दृष्टीने हा प्रश्न चवीचा नसून वर्षभराच्या कमाईचा असतो.

याला एक उत्तर पाचगणीत सापडले. १९५९ साली किशोर व्होरा यांनी तेथे स्ट्रॉबेरीचा जॅम बनवायला सुरुवात केली. त्यातून पुढे 'मॅप्रो' हा उद्योग उभा राहिला. जॅम, सरबत आणि क्रश यांमागचे तत्त्व एकच. फळात इतकी साखर घालायची की पाणी साखरेशी बांधले जाईल आणि जंतूंना वाढायला मोकळे पाणी उरणार नाही. आपल्या घरचा मोरावळा आणि साखरांबा याच तत्त्वावर टिकतो.

तासगावच्या बाजूला उत्तर उलट मिळाले. तेथे साखर बाहेरून घालण्याऐवजी पाणीच काढून टाकले. थॉमसन सीडलेस ही बिनबियांची द्राक्षे या भागात रुजली. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी त्यातून निवडलेला 'तास-ए-गणेश' हा वाण महाराष्ट्रभर पसरला. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे आतले पाणी सहजी बाहेर पडत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि एथिल ओलिएट यांच्या द्रावणात बुडवतात आणि मग सावलीत जाळ्यांवर पसरतात. कोरड्या हवेत साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो.

येथे एक गणित करून पाहू या. ४ किलो द्राक्षांत सुमारे ८० टक्के पाणी धरले तर घन पदार्थ ८०० ग्रॅम. बेदाण्यात पाणी १५ टक्के उरते, म्हणजे घन पदार्थ ८५ टक्के. ८०० ला ०.८५ ने भागले की सुमारे ९४० ग्रॅम येतात. 'चार किलोला एक किलो' हा बेदाणा उत्पादकांचा ठोकताळा असा टक्केवारीच्या साध्या गणितातून निघतो.

दोन्ही उपायांनी फळ वाचले आणि शेतकऱ्याचा पैसाही वाचला. पण बेदाण्यात साल आणि गर राहतो, तर क्रशमध्ये फळापेक्षा साखर अधिक असते.

दाबण्याची ताकद

तिसरी गोष्ट चिरडण्याची. या प्रदेशात ती आधी उसासाठी आली. गुऱ्हाळावर बैल जुंपलेल्या लाकडी चरकातून रस निघे, पण बराचसा चिपाडातच राही. १९१० साली औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगराबरोबरच उसाचे लोखंडी चरकही तेथे तयार होऊ लागले. लोखंडी लाटा अधिक घट्ट दाबत, त्यामुळे त्याच उसातून जास्त रस येई. चिपाड वाळवून चुलवणात घालायचे आणि त्यावरच रस आटवायचा, ही गुऱ्हाळाची जुनी काटकसर. गोडवा माणसाला आणि चोथा आगीला, अशी ही वाटणी होती. उसाच्या बाबतीत ती योग्यच आहे, कारण चिपाड आपल्याला पचत नाही. मात्र रस म्हणजे सार आणि चोथा म्हणजे टाकाऊ, ही उसाची सवय आपण नकळत फळांनाही लावली.

मिक्सरची कुळकथा वेगळी आहे. पेल्याच्या तळाशी फिरणारे पाते बसवण्याची कल्पना अमेरिकेत स्टीव्हन पॉपलॉव्स्की यांनी १९२२ च्या सुमारास मांडली. दुधाची पेये घुसळणे हा तिचा हेतू होता. १९३७ साली फ्रेड वेअरिंग या वाद्यवृंदाच्या संचालकाने असे यंत्र बाजारात आणले आणि ते घरोघरी गेले. आपल्याकडच्या स्वयंपाकघरात मात्र ओले खोबरे, भिजवलेली डाळ आणि चटण्या वाटाव्या लागतात. परदेशी मिक्सरची मोटर त्या कामाला पुरत नसे. मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांच्या घरी असाच मिक्सर जळाला. पत्नी माधुरी यांच्या आग्रहावरून त्यांनी दणकट मोटरचा मिक्सर बनवला. तोच १९६३ सालापासूनचा 'सुमीत'.

चरक आणि मिक्सर यांतला फरक विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. चरक रस आणि चोथा वेगळे करतो. मिक्सर काहीच वेगळे करत नाही, सगळे बारीक करून एकत्रच ठेवतो. वेगळे करण्याचे काम पुढे आपण गाळणी घेऊन करतो.

अकरापट घाई

गाळणीने काय बिघडते? याचा एक सुरेख प्रयोग ब्रिटनमधील ब्रिस्टल येथील संशोधकांनी १९७७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दहा निरोगी माणसांना त्यांनी वेगवेगळ्या दिवशी सफरचंद तीन रूपांत दिले: अख्खे, लगदा करून आणि रस काढून. तिन्हींत साखर सारखीच होती. रस अख्ख्या फळापेक्षा अकरापट लवकर, तर लगद्यापेक्षा चौपट लवकर संपला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त आणि रसाने सर्वांत कमी आली. रस प्यायल्यानंतर रक्तातली साखर चढून मग झपाट्याने खाली आली. लगद्याने तसे झाले, पण कमी. अख्ख्या फळाने तसे झाले नाही.

यात स्मूदीची जागा नेमकी कळते. ती रसापेक्षा चांगली आहे, फळाच्या बरोबरीची नाही. अलीकडच्या काही लहान प्रयोगांत मात्र, बारीक बियांची फळे बियांसकट वाटली तर रक्तातील साखर अख्ख्या फळापेक्षा अधिक चढली नाही, असेही दिसले आहे. स्ट्रॉबेरीवरचे दाणे म्हणूनच गाळू नयेत. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तर ते दाणेच खरी फळे आहेत. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठ!

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात हे सुमारे ५० ग्रॅम होतात. अख्ख्या फळातली आणि दुधातली साखर यात धरत नाहीत.

आता पाचगणीच्या बाटलीकडे वळू. आपल्याकडच्या नियमांनुसार क्रशमध्ये फळाचा अंश किमान २५ टक्के आणि विरघळलेले घन पदार्थ किमान ५५ टक्के असावे लागतात. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखर. ३० मि.ली. क्रशचे वजन सुमारे ३८ ग्रॅम भरते. त्यात घन पदार्थ सुमारे २१ ग्रॅम, म्हणजे चार चहाचे चमचे. आणि नियमापुरतेच फळ असेल तर ते साडेनऊ ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराची एक स्ट्रॉबेरीसुद्धा नाही. फळ टिकवण्याची युक्ती म्हणून क्रश उत्तम आहे. त्याला फळ समजणे ही आपली गफलत.

घरी करताना

एका पेल्यासाठी आठ स्ट्रॉबेरी, अर्धे केळे आणि दीड वाटी दूध किंवा दही घ्यावे. स्ट्रॉबेरी हिरव्या देठासकट धुवावी आणि मग देठ काढावा, म्हणजे आत पाणी शिरत नाही. गोडीसाठी साखरेऐवजी सात-आठ बेदाणे भिजवून घालावे. स्ट्रॉबेरीचा हंगाम नसेल तेव्हा चिकू, पपई, आंबा, पेरू यांपैकी गावात जे पिकते ते चालते. पेरू तेवढा गाळावा लागतो, कारण त्याच्या बिया टणक असतात. गाळू नये, साखर घालू नये आणि केल्याबरोबर प्यावे. वाटताना हवा मिसळते, पेशी फुटून त्यांतली विकरे मोकळी होतात आणि क जीवनसत्त्व घटू लागते.

केळ्याविषयी एक ताजी माहिती. केळे काळे पडते ते ज्या विकरामुळे, तेच विकर इतर पदार्थांतली फ्लॅव्हनॉल नावाची उपयुक्त द्रव्येही मोडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातील एका अभ्यासात, केळ्याच्या स्मूदीबरोबर घेतलेली फ्लॅव्हनॉल रक्तात सुमारे ८४ टक्के कमी पोचली. म्हणून केळे वाईट ठरत नाही. रोज तेच मिश्रण न करता कधी केळ्याऐवजी आंबा किंवा पपई घ्यावी, एवढेच.

पालक हमखास विचारतात, "दूध आणि आंबट फळ एकत्र चालते का?" आयुर्वेदाच्या ग्रंथांत हा संयोग वर्ज्य सांगितला आहे. आम्लामुळे दूध फाटते हे पेल्यातही दिसते. पण जठरातल्या आम्लाने ते एरवीही फाटतेच. ज्यांना शंका वाटते त्यांनी आधीच विरजलेले दही वापरावे.

वर्गात

हा विषय सहावी-सातवीला एका तासात करता येईल. एकाच वजनाच्या पेरूच्या किंवा पपईच्या दोन वाट्या वाटून घ्या. एक तशीच ठेवा, दुसरी फडक्यातून गाळा. दोन गटांना एकेक द्या आणि पिऊन संपायला किती सेकंद लागतात ते मोजा. फडक्यातला चोथा वजन करून उन्हात वाळवा, चार दिवसांनी पुन्हा वजन करा. तिसऱ्या गटाला सरबताच्या रिकाम्या बाटल्या आणायला सांगा. त्यावरचा फळाचा टक्का वाचून एका पेल्यात फळ किती ग्रॅम येते, ते मुलांनाच काढू द्या. ते आकडे फळ्यावर वाळलेल्या चोथ्याच्या वजनाशेजारी लिहून ठेवावेत.