संहितेऐवजी देह : जपानी स्त्रीवाद आणि निंदेचे वाचन

जपानमधील स्त्रीवादाचा इतिहास सामान्यतः हक्कप्राप्तीचा इतिहास म्हणून लिहिला जातो : १९४५ मध्ये मताधिकार, १९४६ मध्ये कनिष्ठ सभागृहात निवडून आलेल्या ३९ स्त्रिया, १९८५ चा रोजगारातील समान संधीचा कायदा. या टप्प्यांना समांतर असा आणखी एक इतिहास आहे. तो बोलणाऱ्या स्त्रीच्या निंदेचा. स्त्रीने लिहिलेले वा उच्चारलेले अडचणीचे ठरले, की ते वाचण्याचे टाळून तिचा देह, तिची वर्तणूक आणि तिचे चारित्र्य यांचेच वाचन सुरू होते. माध्यमे बदलत गेली. वाचनाची ही रीत मात्र शतकभर टिकून राहिली.

सप्टेंबर १९११ मध्ये हिरात्सुका राइचो व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'सेइतो' हे मासिक काढले. ते वाङ्मयीन असणे हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हता. १९०० च्या पोलीस कायद्याने स्त्रियांना राजकीय पक्षांत आणि सभांत भाग घेण्यास मनाई केली होती. सभांपुरती ती १९२२ मध्ये उठली. तोवर वाङ्मय हाच स्त्रियांना उपलब्ध असलेला प्रमुख सार्वजनिक अवकाश होता. नावाची निवडही सूचक होती. 'सेइतो' म्हणजे निळे मोजे. अठराव्या शतकातील लंडनच्या विदुषींच्या बैठकींना चिकटलेले हे नाव पुढे हेटाळणीचे झाले होते. टवाळी होणारच, तर तिचा शब्द आधीच आपलासा करावा, अशी ही निवड होती.

टवाळीला फार काळ लागला नाही. विवाहितेने प्रियकराला लिहिलेल्या पत्राच्या रूपातील एका कथेमुळे एप्रिल १९१२ च्या अंकावर बंदी आली. वृत्तपत्रांना मात्र कथेपेक्षा लेखिकांमध्ये अधिक रस होता. ओताके कोकिची या तरुण चित्रकर्तीने पंचरंगी मद्याविषयी लिहिलेला मजकूर आणि राइचोंसह योशिवारा या वेश्यावस्तीला दिलेली भेट यांवर रकाने भरले गेले. राइचोंच्या घरावर दगड पडले. मासिकाची भूमिका काय, हा प्रश्न मागे पडून या स्त्रिया रात्री कोठे जातात, हा प्रश्न पुढे आला. 'नवी स्त्री' हे बिरूद याच काळात उपहासाने फिरत होते. जानेवारी १९१३ मध्ये 'चुओ कोरोन' या प्रतिष्ठित नियतकालिकात राइचोंनी ते बिरूद स्वतःसाठी स्वीकारले. शिवीचे आत्मनामात रूपांतर करण्याची ही कृती मूलतः वाङ्मयीन होती, आणि तिच्या मर्यादाही वाङ्मयीनच होत्या. नाव परत मिळवता आले. सत्तेचे वाचन बदलता आले नाही. १९१५ पासून 'सेइतो'चे संपादन करणाऱ्या इतो नोए यांना सप्टेंबर १९२३ मध्ये, भूकंपानंतरच्या गोंधळात, लष्करी पोलिसांनी ठार केले.

१९७० मध्ये तानाका मित्सु आणि 'ऊमान रिबु' चळवळीतील इतर स्त्रिया रस्त्यावर आल्या, तेव्हाही त्यांच्या पत्रकांतील विचारांपेक्षा त्यांच्या आक्रस्ताळेपणाची चर्चा अधिक झाली. यानंतरचे निर्णायक वळण फुकुओका येथील खटल्याचे. एका लहान प्रकाशनसंस्थेतील वरिष्ठाने आपल्या सहकारी स्त्रीच्या लैंगिक जीवनाविषयी अफवा पसरवल्या आणि तिला नोकरी सोडावी लागली. १९८९ मध्ये तिने दावा दाखल केला. एप्रिल १९९२ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. जपानी लैंगिक छळविरोधी न्यायविचाराचा आरंभबिंदू मानला जाणारा हा खटला स्पर्शाविषयी नव्हता, शब्दांविषयी होता, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावयास हवी. उच्चार ही कृती आहे आणि तिची भरपाई मागता येते, हे तेथे मान्य झाले. तरीही 'सेकुहारा' हे त्या संकल्पनेचे लघुरूप साप्ताहिकांतून बराच काळ विनोदाचा विषय होऊन राहिले.

मे २०१७ मध्ये पत्रकार इतो शिओरी यांनी आपल्यावरील बलात्काराची तक्रार चेहरा न लपवता मांडली. त्यानंतर इंटरनेटवर उसळलेल्या निंदेत त्यांच्या सदऱ्याच्या उघड्या गुंडीचीही चर्चा झाली. एका शतकाने योशिवारा प्रकरणाचीच ही पुनरावृत्ती होती. फरक एवढाच, की आता रकाना लिहिण्यासाठी संपादकाची गरज उरली नव्हती. दिवाणी दाव्यात बलात्काराविषयीचे त्यांचे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य धरले आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निर्णय कायम झाला. त्याच वर्षी अपमानाच्या गुन्ह्याची कमाल शिक्षा तीस दिवसांहून कमी अटकेवरून एक वर्षाच्या कारावासापर्यंत वाढवण्यात आली. मे २०२० मध्ये, ऑनलाइन शिवीगाळीनंतर, कुस्तीगीर किमुरा हाना यांचा मृत्यू झाला होता. ही सुधारणा त्यातून घडली.

वाचनाच्या दृष्टीने मात्र दुसरा एक निकाल अधिक मूलगामी आहे. शिओरी यांची निंदा करणाऱ्या पंचवीस मजकुरांना एका लोकप्रतिनिधी स्त्रीने पसंतीची खूण केली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तोक्यो उच्च न्यायालयाने त्याबद्दल ५,५०,००० येनांची भरपाई देण्यास फर्मावले. २०२४ मध्ये हा निर्णय अंतिम झाला. येथे निंदेचा लेखक नव्हे, तर तिचा अनुमोदक वाचक उत्तरदायी ठरला, आणि तो वाचक एक स्त्री होती. निंदेची रीत ही केवळ पुरुषांची मालमत्ता नाही, ती एक सामाजिक वाचनपद्धती आहे, हे यातून स्पष्ट होते.

वाचक हा अर्थनिर्मितीत सहभागी असतो, हे समीक्षेला मान्य आहे. त्या सहभागाबरोबर येणाऱ्या जबाबदारीचा विचार समीक्षेने फारसा केलेला नाही. 'सेइतो'च्या लेखिकांनी लेखनाचा अधिकार मिळवला. त्यांना हव्या असलेल्या वाचनाची, स्त्रीच्या शब्दांना शब्द म्हणून वाचण्याची, मागणी अद्याप न्यायालयांच्या दारात उभी आहे.