तारूचं तळं : यात्रा, शिकार आणि सफारी

घनसावंगीत उभं राहून ताडोब्यावर बोलायचं म्हटलं की लोकांना वाटतं, सरांना वाघ दिसला म्हणून हे व्याख्यान. वाघ दिसला, पण पाठमोरा, अर्धा मिनिट. मला सांगायचंय ते तळ्याबद्दल, आणि त्या तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल.

आधी शब्दाचं बघू. सफारी हा शब्द आला पूर्व आफ्रिकेतून. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ नुसता प्रवास, आणि स्वाहिलीने तो घेतला अरबीतून. आपला सफर, मुसाफिर हे त्याच घराण्यातले. निजामाच्या मुलखात वाढलेल्या आपल्या आजोबांना हे शब्द सांगावे लागत नव्हते. म्हणजे घरचाच पाहुणा आफ्रिकेला वळसा घालून, अंगात खाकी चढवून परत आला! खाकी चढवली ती गोऱ्या शिकाऱ्यांनी. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली मुलाला घेऊन तिकडे गेले आणि बापलेकांनी मिळून पाचशेच्या वर जनावरं मारली. बंदुकीच्या जागी कॅमेरा आला तो पुष्कळ नंतर.

आता चंद्रपूरकडे वळू. हा मुलूख गोंड राजांचा. १७५१ साली तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि शंभरएक वर्षांनी इंग्रजांकडे. मोहर्लीच्या फाटकातून आत तळ्याकडे निघालं की रस्त्याच्या कडेला ठराविक अंतरावर जुने दगडी खांब दिसतात. वर भोकं आहेत. गाइड सांगतात, त्यातून दोर ओवलेला असे, दोराला घंटा. राजाची स्वारी निघाली की इकडून ओढायचं, तिकडे वर्दी पोचायची. खरं असेल, नसेलही. पण खांब आहेत, आणि खांब आहेत म्हणजे हा रस्ता माणसांच्या येण्याजाण्याचा होता. जिप्सीतले लोक खांबाकडे बघत नाहीत, खांबामागे काही हलतंय का ते बघतात. मीही तेच करत होतो.

रस्ता जातो तळ्यावर. तळ्याला ताडोबा नाव पडलं ते तारू या देवावरून. तारू हा गोंडांच्या गावचा मुखिया, वाघाशी झुंजताना मेला आणि देव झाला, अशी कथा आहे. काठावर मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे. पौषात तिथे आदिवासींची यात्रा भरत आली आहे. या कथेत वाघ खलनायक नाही, हे ध्यानात घ्या. ज्याच्याशी झुंजताना माणसाला देवपण येतं, तो वाघ हलका कसा असेल? माणूस, वाघ आणि पाणी अशी तिघांची ती वस्ती होती. तत्त्वज्ञान शिकवताना मी 'निसर्ग' आणि 'मानव' असे दोन रकाने फळ्यावर वर्षानुवर्षं आखले. तारूला कुठल्या रकान्यात बसवायचं, हे मला त्या तळ्याकाठी उमगेना.

या जंगलात १९३५ साली शिकारीवर बंदी आली. १९५५ साली तळ्याभोवतीचं ११६ चौरस किलोमीटर रान राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८६ साली अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. हे सगळं चांगलंच झालं. नाहीतर आज तिथे रान उरलं नसतं, कोळशाच्या खाणी फार लांब नाहीत.

पण उद्यानाबरोबर एक कल्पनाही आली, की खरं रान म्हणजे रिकामं रान. ही कल्पना त्या काळात जगभर फिरत होती. टांझानियात, तेव्हाच्या टांगानिकात, सेरेंगेटीमधून १९५९ साली मासाई गुराख्यांना बाहेर काढून न्गोरोन्गोरोकडे धाडलं. शेजारीच मन्यारा नावाचं तळं आहे, काठाला दाट झाडी; झाडांवर चढून बसणाऱ्या सिंहांसाठी ते प्रसिद्ध आहे. १९६० साली त्याचंही राष्ट्रीय उद्यान झालं. 'मन्यारा' म्हणजे मासाई लोक ज्या शेराच्या जातीच्या झाडाचं कुंपण घराभोवती घालत ते झाड, असं सांगतात. म्हणजे त्या तळ्याच्या नावातच कुणाच्या तरी घराचं कुंपण आहे.

ताडोब्यातूनही गावं उठली. नवेगाव, जामणी अशी नावं तिथे कुणालाही विचारा. सगळ्यांना बळजबरीने काढलं असं मी म्हणणार नाही. रानडुकरं पीक ठेवत नव्हती, रस्ता नाही, दवाखाना नाही, वाघाची भीती आहेच. काहींनी स्वतःच बाहेर पडू म्हटलं. कुटुंबामागे दहा लाखांची योजना आली. मग शेतांवर कुरण उगवलं, कुरणात हरणं आली, हरणांमागे वाघ.

आमचा गाइड तिशीतला पोरगा. एका मोकळ्या कुरणात गाडी थांबवून म्हणाला, "सर, इथं गाव होतं जी. ती चिंच आमच्या आंगणातली." आपण जिला पांढरी म्हणतो, त्या पांढरीवर चितळांचा कळप चरत होता. माझ्या शेजारचे गृहस्थ फोटो काढत म्हणाले, काय अस्पर्श जंगल आहे!

आपल्याला हे कळायला हवं. तालुक्यातला ऊस ज्या डाव्या कालव्यावर उभा आहे त्याचं पाणी जायकवाडीचं, आणि त्या पाण्याखाली गावं आहेत. १९८६ साली नाथसागरही पक्षी अभयारण्य झाला. हिवाळ्यात आपण तिथे रोहित बघायला जातो, पोरांना दाखवतो. तळाशी कुणाची मारुतीची देवळं आहेत हे तिथल्या फलकावर मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. वाघासाठी उठलेला आणि कालव्यासाठी उठलेला, दोघांना आपण धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त म्हणतो. ग्रस्त! ग्रहण लागल्यासारखं. आणि आपण लाभधारक.

परतताना गाडी तळ्याकाठी क्षणभर थांबली. मगर उन्हात पडलेली, सगळ्यांचे कॅमेरे तिच्यावर. गाडीतून उतरायची मुभा नसते. गाइडने टोपी काढली, तारूच्या झाडाच्या दिशेने बसल्या बसल्याच हात जोडले, टोपी परत घातली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "चला, फाटक बंद होईल."