संगीताचे वारसदार: पोथी, घराणे आणि कलावंत

विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानी संगीताच्या वारशावर हक्क कोणाचा, हा वाद पेटला, तेव्हा प्रत्यक्ष विद्या मुख्यतः मुसलमान उस्तादांच्या घराण्यांत, म्हणजे एकच गायकी पिढ्यानपिढ्या जपणाऱ्या कुटुंबांत होती. शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’ या जुन्या संस्कृत ग्रंथाशी नाते सांगणारे मात्र बहुतेक इंग्रजी शिकलेले ब्राह्मण होते.

मुंबईचे वकील विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दोन्ही पक्षांना अडचणीत आणले. प्राचीन ग्रंथांतील रागवर्णने चालू गायनाला लागू पडत नाहीत, म्हणून ‘लक्ष्य’, म्हणजे प्रचारातले संगीत, प्रमाण धरून शास्त्र नव्याने रचावे, असे त्यांचे म्हणणे होते. गंमत अशी की, हे प्रतिपादन त्यांनी ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ या संस्कृत ग्रंथात ‘चतुर पंडित’ या टोपणनावाने केले आणि पुढे ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या मराठी ग्रंथात त्याच पंडिताचा हवाला एखाद्या परक्या आचार्याचा द्यावा तसा दिला. जुन्या ग्रंथांचे प्रामाण्य नाकारण्यासाठीही संस्कृत श्लोकाचेच वजन लागत होते! उस्तादांकडून मिळवलेल्या चिजा, म्हणजे रागात बांधलेली पदे, त्यांनी स्वरलिपीत छापल्या. ज्या घराण्यांत चीज ही खाजगी मिळकत मानली जाई, त्यांना हे रुचणे कठीणच होते.

महाराज सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९१६ मध्ये बडोद्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत बावीस श्रुतींवर, म्हणजे संस्कृत ग्रंथांत सांगितलेल्या सप्तकातील सूक्ष्म स्वरांतरांवर, खडाजंगी झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी क्लेमेंट्स यांनी श्रुतींचे गणित मांडून खास हार्मोनियम घडवली होती व गवई अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेतला होता. भातखंड्यांनी हे गणित मानले नाही. संस्कृत सिद्धांत खरा ठरवण्यासाठी इंग्रज अधिकारी आणि मुसलमान गवई लागावेत, यावरूनच वारशाची धार्मिक वाटणी किती तकलादू होती ते कळते. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादिया खाँ तर आपले पूर्वज ब्राह्मण असल्याची घराण्यातली परंपरा सांगत.

या साऱ्या वादात गाणाऱ्या कलावंत स्त्रियांच्या हक्काची विचारपूस फारशी झाली नाही. तरीही अल्लादिया खाँ यांनी आपली अवघड गायकी पुत्रांबरोबरच गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनाही दिली, आणि पुढे मोगूबाईंनी ती आपली कन्या किशोरी आमोणकर यांच्याकडे सोपवली.